भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा विमा: बँकेचा, सोसायटीचा आणि तुमचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात दोन फ्लॅट आहेत. वाकडचा दोन बेडरूमचा, त्यावर कर्ज चालू आहे आणि तिथे आयटीतलं एक कुटुंब राहतं. दुसरा कोथरूडचा, वडिलांनी घेतलेला, जुन्या सोसायटीतला. तिथे चार नोकरदार मुलं राहतात. बँकेनं विमा काढलाय, सोसायटीचाही आहे, मग आणखी पैसे कशाला घालायचे आणि घालायचेच तर कुठल्या पॉलिसीत, हे तुम्हाला हवंय. मी बरीच वर्षं आग आणि पुराच्या नुकसानीचे सर्व्हे केलेत, म्हणजे विमा विकणाऱ्याच्या नाही तर क्लेम तपासणाऱ्याच्या बाजूनं हे सांगतोय.

दोन्ही फ्लॅटसाठी स्वतःच्या नावानं वेगळी पॉलिसी काढा. घराच्या विम्याचा वर्षाचा हप्ता बहुधा तुमच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा खूपच कमी येईल, त्यामुळे दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी दहा वेबसाइट पालथ्या घालू नका. तो वेळ प्रपोजल फॉर्मला, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जाला द्या. भाड्याच्या घरांचे क्लेम अडकताना मी पाहिले ते बहुतेक एकाच पद्धतीनं: कागदावर एक घर असतं, सर्व्हेअर जातो तेव्हा दुसरंच सापडतं. कागदावर 'मालक स्वतः राहतो', प्रत्यक्षात भाडेकरू. कागदावर कुटुंब, प्रत्यक्षात डब्यांचा व्यवसाय. कागदावर मुलाचं नाव, इंडेक्स टूवर (खरेदीखताच्या नोंदणीच्या उताऱ्यावर) वडिलांचं. पुढे जे लिहितोय ते याच धाग्यानं.

आधी बँकेचा विमा. कर्जाची फाइल काढा आणि तो विमा नेमका कशाचा आहे ते वाचा. कर्ज देताना बँका जो विमा गळ्यात घालतात तो पुष्कळदा तुमच्या आयुष्याचा असतो. तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल एवढंच त्याचं काम. घर जळालं तर त्यातून दमडी मिळत नाही. "हप्त्यात विमा आहे ना" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांकडे हाच निघतो. काही बँका घराचाही विमा काढून घेतात, पण त्यात रक्कम कर्जाएवढीच धरलेली असू शकते आणि क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. शिवाय तो कर्ज घेताना काढलेला, तेव्हा तुम्ही स्वतः राहत होतात. नंतर भाड्यानं दिलंत हे कोणी कळवलंय का? बहुधा नाही. आणि विमा अमुक कंपनीकडूनच घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

सोसायटीचा विमा ही वेगळी गंमत आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, सोसायटीनं इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा काढायचा असतो. काढलेला असतो का, ते सेक्रेटरीला विचारून बघा. असलाच तर पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यावर नूतनीकरण होत आलेलं असतं. तो इमारतीच्या सांगाड्याचा, जिन्याचा, लिफ्टचा. तुमचं मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, एसी, गिझर, तुमचं बुडालेलं भाडं यांच्याशी त्याचा संबंध नसतो. पॉलिसीची प्रत मागून घ्या. सभासद म्हणून मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. एकाच नुकसानीचे दोन पॉलिसींतून मिळून नुकसानापेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत, म्हणून दोन्हींत काय धरलंय ते माहीत हवं.

आता कुठली पॉलिसी. 1 एप्रिल 2021 पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं, घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची प्रमाणित पॉलिसी आणली. आगीचा विमा करणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावी लागते आणि मूळ शब्दरचना सगळीकडे एकच. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं तिच्यात येतं. अशा घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीसुद्धा येते. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या तुमच्या सामानाचा विमा इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप मिळतो.

विमा रक्कम ठरवताना लोक सर्रास बाजारभाव टाकतात. तुमचा वाकडचा फ्लॅट समजा आज 85 लाखांना जाईल. त्यातला मोठा भाग जागेचा आणि परिसराचा आहे, आणि जागा काही जळत नाही. विमा बांधकामाच्या खर्चाचा काढायचा. कार्पेट 650 चौरस फूट आणि आज तसं बांधायला फुटाला 3,000 रुपये धरले, तर रक्कम होते 19 लाख 50 हजार. 85 लाखांवर हप्ता भरलात तरी मिळणार बांधून देण्याएवढेच. त्यावर 20 टक्क्यांनी सामान 3 लाख 90 हजारांचं झालं. सोफा, बेड, फ्रीज, वॉशिंग मशीन देऊन पूर्ण सजवलेला फ्लॅट दिला असेल तर हे कमी पडेल, मग यादी देऊन वाढवून घ्या. पूर्वीच्या पॉलिसींत रक्कम कमी टाकली की त्या प्रमाणात क्लेमही कापायचे. भारत गृह रक्षामध्ये ती कात्री काढून टाकली आहे. म्हणून मुद्दाम कमी टाका असं मात्र नाही, कारण शेवटी वरची मर्यादा तुम्ही लिहिलेलीच रक्कम असते.

हे सामान तुमच्या मालकीचं असेल तरच. भाडेकरूचा लॅपटॉप, टीव्ही, दागिने तुमच्या पॉलिसीत येत नाहीत. वाकडच्या कुटुंबाला सांगा की त्यांनी फक्त सामानाची पॉलिसी काढावी. भाडेकरूलाही ती मिळते. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकता नगरीत घरात पाणी शिरलं. अशा वेळी भाडेकरू मालकाकडे बघतो, मालक सोसायटीकडे आणि सोसायटी महापालिकेकडे. भाडेकरूचं सामान भरून द्यायची जबाबदारी अशा आपत्तीत मालकावर येत नाही, पण हे आधी बोललेलं असलं की संबंध बिघडत नाहीत.

काय येत नाही, ते जास्त महत्त्वाचं. भिंतीला हळूहळू आलेली ओल, गळणारा बाथरूम, उखडलेलं प्लास्टर, वाळवी: ही झीज, विमा नाही. पाइप अचानक फुटला तर विमा. तोच पाइप वर्षभर झिरपत होता तर नाही. सर्व्हेअर हे कसं ओळखतो? भिंतीवर खारट पांढरे थर असतील, पेंट फुगून पापुद्रे सुटले असतील, तर पाणी कालचं नाही हे कुणीही सांगेल. शॉर्ट सर्किटचीही अशीच रीत. एसीत शॉर्ट होऊन एसी जळाला तर त्या एसीचे पैसे नाहीत. त्याची आग पडद्याला लागून खोली जळाली तर खोलीचे आहेत. जळालेल्या उपकरणाचा हट्ट धरून लोक उरलेला चांगला क्लेम महिनोन्‌महिने लांबवतात.

भाडेकरूनं भाडं बुडवलं, जाताना गिझर आणि पंखे काढून नेले, भिंती खराब केल्या, याच्यासाठी डिपॉझिट आहे. घरात परवानगीनं राहणाऱ्यानं नेलेली वस्तू चोरीच्या कव्हरमध्ये सहसा बसत नाही. एखादा एजंट "सगळं येतं हो त्यात" म्हणाला तर तेवढंच वाक्य ईमेलवर लिहून मागा. पुढचा फोन येणार नाही.

एका बाबतीत जरा जास्त थांबतो, कारण भाड्याच्या फ्लॅटमध्ये हीच भानगड सगळ्यात जास्त होते. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू वॉशिंग मशीनचा नळ उघडा ठेवून ऑफिसला जातो. मशीनला पाणी नेणारी नळी अँगल कॉकपाशी निसटते. संध्याकाळपर्यंत ड्राय बाल्कनीतून पाणी हॉलमध्ये आणि तिथून खाली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी नुकतंच पीओपी आणि लाइटचं काम केलेलं. छताला पिवळे डाग, दोन पॅनेल खाली, टीव्ही युनिटचा प्लाय फुगलेला. ते वर येऊन भाडेकरूला नाही, तुम्हाला फोन करतात. तुमच्या घराच्या पॉलिसीत तुमच्या घराचं नुकसान बघतील, पण खालच्यांचं देणं त्यात बसत नाही. त्यासाठी दुसऱ्याच्या नुकसानीच्या जबाबदारीचं कव्हर लागतं. ते काही कंपन्या घराच्या पॅकेज पॉलिसीत किंवा जोडकव्हर म्हणून देतात, थोड्या जास्त हप्त्यात. गॅलरीची जाळी खाली कोणाच्या डोक्यावर पडली, तुमचं सदोष गिझर भाडेकरूच्या मुलाला बाधलं, तरी हेच कव्हर लागतं. मला विचाराल तर भाड्यानं देणाऱ्यानं दागिन्यांचं किंवा अपघाताचं जोडकव्हर सोडावं, हे सोडू नये. आणि वॉशिंग मशीन तुमचं असेल तर दोन-तीन वर्षांनी ती नळी बदला. ती काही शंभरांत येते.

बुडालेल्या भाड्याचं कव्हर भारत गृह रक्षामध्ये आत असतंच. आग किंवा पुरानं घर राहण्याजोगं उरलं नाही, तर दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी काळापुरतं भाडं मिळतं. पण भाडं म्हणजे करारात लिहिलेलं भाडं. महिन्याला 32,000 ठरवून करार 18,000 चा आणि उरलेले रोख किंवा 'फर्निचरचे' म्हणून दुसऱ्या खात्यात, ही पद्धत आपल्याकडे आहे. अशा वेळी क्लेम 18,000 चाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोटरीच्या कागदावर चालवलेला व्यवहार सर्व्हेअरपुढे फार टिकत नाही. अकरा महिने संपल्यावर नवा करार न करता तोच भाडेकरू पुढे राहत असेल, तर तेही आधी निस्तरा.

करारातलं एक वाक्य मुद्दाम तपासा. ब्रोकरच्या तयार मसुद्यात कधी कधी 'आग वा अन्य नुकसानीस भाडेकरू जबाबदार राहणार नाही' असं सरसकट लिहिलेलं असतं. विमा कंपनी तुम्हाला पैसे दिल्यावर, निष्काळजीपणा ज्याचा त्याच्याकडून वसूल करायला तुमच्या जागी उभी राहते. तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिलात तर कंपनी तुमच्याच क्लेमवर बोट ठेवू शकते. ते वाक्य काढा.

आता वापर. भारत गृह रक्षा राहत्या घरासाठी आहे. घर भाड्यानं दिलं, किंवा ते निव्वळ राहण्यापुरतं उरलं नाही, तर कंपनीला कळवणं तुमच्यावर आहे. वाकडच्या फ्लॅटची आधीची पॉलिसी असेल तर आजच ईमेल करून 'घर भाड्यानं दिलेलं आहे' असं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, मागा. कोथरूडची चार मुलं एकत्र एका करारावर राहत असतील तर ते राहतं घरच. पण तुम्ही खाटेमागे भाडं घेऊन जेवणखाण देत असाल, तर तो पीजीचा धंदा. तसंच अलिबाग, गोवा, महाबळेश्वरला रात्रीच्या हिशेबानं दिलेला बंगला. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर घरांचे पत्रे आणि बागा गेल्या. तिथल्या होम-स्टेवाल्यांसारख्यांनी घराची पॉलिसी धरून बसू नये. धंद्याच्या जागेला एकूण विमा मूल्य 5 कोटींपर्यंत 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही वेगळी पॉलिसी आहे. आणि भाडेकरू बाई घरून वीस डबे करतात, हे तुम्हाला ठाऊक असून तुम्ही कानाडोळा करत असाल, तर स्वयंपाकघरातल्या आगीनंतर तो कानाडोळा महाग पडतो.

गॅसचा विषय निघालाच आहे तर: तेल कंपन्यांची ग्राहकांसाठी सार्वजनिक दायित्वाची सामूहिक पॉलिसी असते. सिलिंडरच्या आगीत मृत्यू झाल्यास माणशी 6 लाख, औषधोपचाराला प्रत्येकी 2 लाख आणि एका घटनेत 30 लाखांपर्यंत, मालमत्तेला एका घटनेत 2 लाख. मालमत्तेचे पैसे नोंदणी असलेल्या ग्राहकाच्या नोंदणीकृत पत्त्यावरच. पोरं गावाकडून सिलिंडर आणून वापरतात किंवा काळ्या बाजारातून घेतात, तिथे हा आधार निसटतो. करारात लिहा की कनेक्शन त्यांच्या नावानं आणि याच पत्त्याचं असेल. शक्य असेल तिथे पाइप गॅस घ्या.

घर रिकामं असण्याचा काळही विसरू नका. एक भाडेकरू गेला, दुसरा यायला दोन महिने लागले, मधे घर बंद. चोरीच्या कव्हरमध्ये घर किती दिवस सलग बंद चालेल याची अट असते. पॉलिसीत तो आकडा शोधा आणि त्यापेक्षा जास्त लागणार असेल तर आधी कळवा. मेन व्हॉल्व्ह बंद करा, गॅस बंद करा, आठवड्यातून एकदा कोणाला तरी आत पाठवा.

कोथरूडबद्दल मला दोन शंका आहेत. वडिलांनी घेतलेला म्हणालात. ते हयात असतील तर पॉलिसी त्यांच्या नावानं. नसतील आणि शेअर सर्टिफिकेट अजून त्यांच्याच नावावर असेल, तर विमा तुमच्या एकट्याच्या नावानं काढलात की पहिला प्रश्न येईल, तुमचा या घरात विमा घेण्याजोगा हितसंबंध किती, म्हणजे घर गेलं तर त्यात तुमचं स्वतःचं नुकसान किती? सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे. बहीण-भाऊ वारस असतील तर सगळ्यांची नावं पॉलिसीत घाला, किंवा हक्कसोडपत्र करून फ्लॅट रीतसर नावावर करून घ्या. हे काम पंधरा वर्षं रेंगाळलेली घरं मी पुण्यात पुष्कळ पाहिली.

दुसरी शंका इमारतीच्या वयाची. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांनी एकदा आणि त्याहून जुन्याचं तीन वर्षांनी एकदा करायचं असतं. कोथरूडच्या जुन्या इमारतीत त्याचा अहवाल मागून बघा. गंजलेल्या सळ्यांमुळे स्वतःहून पडलेला स्लॅब विम्यात येत नाही, आणि अहवालात 'तातडीनं दुरुस्त करा' लिहिलेलं असून काही केलं नसेल, तर भूकंपाच्या क्लेममध्येही वाद होतो.

क्लेमची तयारी आज करायची, आगीच्या दिवशी नाही. भाडेकरू आत येण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, एसीच्या सिरियल नंबरसकट. बिलं स्कॅन करून ईमेलवर टाका. त्याच घरात ठेवलेली बिलं त्याच आगीत जातात. काही झालं तर फायर ब्रिगेडला बोलवा आणि त्यांचा दाखला घ्या, चोरी असेल तर एफआयआर, आणि कंपनीला त्याच दिवशी कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत मलबा हलवू नका. पाणी तुंबलं असेल तर जरूर काढा, पण आधी फोटो. भाडेकरू घाईनं सगळं धुऊन पुसून चकाचक करतात आणि मग मला कोऱ्या भिंतीकडे बघून अंदाज बांधावा लागायचा. क्लेम नाकारला किंवा तुटपुंजा दिला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग विमा लोकपालाकडे. त्याचं कार्यालय पुण्यातही आहे, फी नाही, वकील लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात.

हप्त्याची करात वेगळी वजावट मिळत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून जी सरसकट 30 टक्के वजावट मिळते तिच्यातच दुरुस्ती, विमा सगळं आलं. सीए वेगळं काही दाखवत असेल तर विचारा.

मुदतीचं असं करा. वाकडसाठी लांब मुदतीची घ्या. भारत गृह रक्षा दहा वर्षांपर्यंत मिळते आणि त्यात जास्त हप्ता न घेता विमा रक्कम दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढते. फक्त कर्ज फिटलं की पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून घ्यायला विसरू नका. कोथरूडसाठी एक-एक वर्षाचीच. तुमच्या सोसायटीत आज नाही तर उद्या पुनर्विकासाची चर्चा सुरू होणारच. ज्या दिवशी बिल्डरला रिकामा ताबा द्याल त्या दिवशी तुमच्या घराचा विमा संपला असं धरा, उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मागा, आणि विकास करारात बांधकाम चालू असतानाचा विमा कोणी, कोणाच्या नावानं काढायचा हे सोसायटीच्या वकिलाकडून लिहून घ्या.